राहू की सोडू?

साहेब तारखांवर तारखा देतायत, तुम्ही कॅलेंडरची पानं उलटताय. अशा वेळी राजीनामा द्यायचा की थांबायचं? पार्ले आणि अंधेरीतल्या दोन बड्या ऑफिसांची गोष्ट या प्रश्नावर बरंच काही शिकवून जाते...

सोमवार सकाळ, पावणेनऊ. घाटकोपर मेट्रोच्या रांगेत तुम्ही उभे. पुढच्याची सॅक तुमच्या नाकाशी, मागच्याचा डबा तुमच्या पाठीत. कसाबसा मोबाइल काढून तुम्ही मेलबॉक्स उघडता. ड्राफ्टमध्ये तो मेल अजून तसाच पडलेला असतो. ‘रिस्पेक्टेड सर...’ गेल्या तीन महिन्यांत सहा वेळा सुधारलात, एकदाही पाठवला नाहीत. साकीनाका येईपर्यंत वाटतं, आज पाठवूनच टाकतो! चकाल्याला उतरलात की वाटतं, पगार होऊ दे, मग बघू.

काम वाईट नाही. टीम तर झक्कास आहे. लोचा एकच आहे, वर बसलेली माणसं. काय करायचंय ते त्यांनाच ठाऊक नाही, आणि ठाऊक असलंच तर ते तुम्हाला सांगत नाहीत. अशा वेळी नोकरी सोडणारा घाईचा ठरतो आणि थांबणारा भित्रा. खरं तर दोन्ही लेबलं चुकीची आहेत.

माझाही एक ड्राफ्ट होता

मरोळला एका छोट्या कंपनीत मी नोकरी करत होतो. नाव सांगत नाही, कारण अशा कंपन्या तिथे गाळ्यागाळ्यात सापडतील. बोरिवलीहून अंधेरी, अंधेरीहून मेट्रो, पुढे पाच मिनिटं चालत. पहिली दोन वर्षं मस्त गेली. मग सरांनी तारखा द्यायला सुरुवात केली. अप्रेझल एप्रिलमध्ये. मग ‘जुलैला नक्की.’ मग ‘दिवाळीला सगळ्यांचं तोंड गोड करतो.’ एक तारखेचा पगार सातला यायला लागला, सातचा बाराला. दर महिन्याला मीटिंग, मीटिंगला पिझ्झा, आणि पिझ्झ्याबरोबर ‘वी आर अ फॅमिली’चं भाषण. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट हातचा गेला, ही बातमी आम्हाला कुठे कळली? खाली चहाच्या टपरीवर! शेजारच्या कंपनीतल्या एकाने कटिंग पिता पिता सहज सांगितली.

घरी दोन पक्ष होते. बाबा म्हणायचे, “उशिरा का होईना, पगार येतोय ना? मग गप काम कर. आम्ही एका नोकरीत बत्तीस वर्षं काढली.” आई काहीच बोलायची नाही. एक दिवस डबा भरता भरता म्हणाली, “हल्ली झोपेत दात खातोस तू. बाहेरच्या खोलीत ऐकू येतं.”

त्या दिवशी ट्रेनमध्ये पहिल्यांदा नीट विचार केला. मी नेमकं कशासाठी थांबलोय? उत्तर सापडेना. मी थांबलो नव्हतोच. मी नुसता पुढे ढकलत होतो.

पार्ले ते अंधेरी, एक स्टेशन

विमान कंपनीतल्या लोकांचं आयुष्य आपल्याहून निराळं, असं आपल्याला वाटतं. पण पगाराच्या मेसेजची वाट सगळे सारखीच बघतात. आपल्याच उपनगरांत हे दोनदा घडलंय.

किंगफिशर एअरलाइन्सचं पहिलं विमान ९ मे २००५ ला उडालं. सॉलिड ग्लॅमर होतं. पार्ले पूर्वेला, विमानतळाजवळ किंगफिशर हाउस होतं. २०१२ उजाडलं आणि पगार महिनोन्‌महिने थकायला लागले. पायलट आणि इंजिनीअर अधूनमधून काम थांबवायचे, कंपनी नवं आश्वासन द्यायची, काम पुन्हा सुरू व्हायचं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला विमानं जमिनीवर आली आणि २० ऑक्टोबरला डीजीसीएने लायसन्स स्थगित केलं. मालक विजय मल्ल्या २ मार्च २०१६ ला देश सोडून गेले. थकलेले पगार इथेच राहिले.

तिथून लोकलने एक स्टेशन पुढे या. अंधेरी पूर्व, सहार एअरपोर्ट रोड, सिरोया सेंटर. जेट एअरवेजचं मुख्यालय इथे होतं. मे १९९३ मध्ये सुरू झालेली ही कंपनी. ‘आमची मुलगी जेटमध्ये आहे’ हे वाक्य उपनगरातल्या सोसायट्यांमध्ये वजनदार समजलं जायचं.

इशारे मिळाले नव्हते का? मिळाले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १,९०० जणांना कमी करायचं ठरवलं. गणवेशातली पोरंपोरी रस्त्यावर उतरली, राजकीय पक्ष मध्ये पडले, आणि दोनच दिवसांत चेअरमन नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. निर्णय व्यवस्थापनाचा होता, आपल्याला तो नंतर कळला, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. स्वाभाविकच आहे. पण ज्या कंपनीत इतका मोठा निर्णय घेतला जातो, दोन दिवसांत फिरवला जातो आणि चेअरमन म्हणतात मला माहीत नव्हतं, तिथे कारभार कसा चाललाय, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला.

पुढे दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पगारकपातीचा प्रस्ताव आला. पायलटांनी तो धुडकावला. त्याच महिन्यात कंपनीने तिमाहीचे निकाल लांबणीवर टाकले. पायलट, इंजिनीअर आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार उशिरा आणि हप्त्याहप्त्याने यायला लागले. नोव्हेंबरमध्ये दोन स्वतंत्र संचालक बाहेर पडले. डिसेंबरअखेर बँकांचा हप्ता चुकला. २५ मार्च २०१९ ला नरेश आणि अनिता गोयल संचालक मंडळावरून पायउतार झाले. बँका १,५०० कोटी रुपयांपर्यंत देणार, असं जाहीर झालं. सगळ्यांना वाटलं, सुटलो! ते पैसे हवे तसे आलेच नाहीत. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. तेव्हा पगारपत्रकावर सोळा हजारांच्या आसपास माणसं होती.

आता यातली खरी बोचरी गोष्ट ऐका. पायलटांच्या संघटनेने इशारा दिला होता, ३१ मार्चपर्यंत थकबाकी दिली नाही तर १ एप्रिलपासून विमान उडवणार नाही. ती तारीख आली, तेव्हा त्यांनी १५ एप्रिलपर्यंत मुदत वाढवली. १५ तारीख तोंडावर आली, तेव्हा बँकांची बैठक आहे म्हणून आणखी एक संधी दिली. दोन दिवसांनी कंपनीच थांबली.

म्हणजे तारखा फक्त साहेबच पुढे ढकलत नाहीत. आपणही ढकलतो.

ते वेडे होते का? मुळीच नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने कॅप्टनचा नोटीस पिरियड एक वर्षाचा आणि को-पायलटचा सहा महिन्यांचा झाला होता. घराचे हप्ते होते, मुलांच्या शाळा होत्या. आणि आपल्या कंपनीवर जीव होता, तो तर कुठल्याच नियमात बसत नाही. पण कंपनी थांबल्यावर सगळे एकदमच बाजारात आले. स्पाइसजेटने दोन दिवसांत जाहीर केलं की जेटच्या पाचशेहून जास्त लोकांना घेतलंय. बाकीच्यांचं काय? कमी पगारावर तडजोड करावी लागल्याच्या बातम्या तेव्हा पेपरांत येत होत्या. एकाच कामाचे हजारो अनुभवी लोक एका आठवड्यात नोकरी शोधायला लागले की भाव पडणारच.

थकबाकीचं तर विचारूच नका. पीएफ आणि ग्रॅच्युइटी द्या, असं एनसीएलएटीने सांगितलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं जानेवारी २०२३ मध्ये. आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी गुंडाळून मालमत्ता विकायचा आदेश दिला. शेवटच्या विमानानंतर साडेपाच वर्षं उलटली होती!

आधीच्या स्टेशनला उठा

बोरिवलीहून स्लो लोकलने अंधेरीला उतरणारा माणूस काय करतो? जोगेश्वरीलाच उठतो, सॅक पुढे घेतो आणि दाराकडे सरकतो. अंधेरी आल्यावर सीटवरून उठणारा सरळ पार्ल्याला पोचतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग नोकरीच्या बाबतीत हा फंडा कुठे जातो?

‘राहू की सोडू’ या प्रश्नात आपण अडकतो, कारण आपल्याला दोनच पर्याय दिसतात. तिसराही आहे, दाराशी जाऊन उभं राहायचं. सीव्ही नीट करायचा, दोन इंटरव्ह्यू देऊन आपला आजचा भाव काय ते बघायचं, चार महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला टाकायचे. दाराशी गेलात म्हणजे उतरलात असं नाही. वाटलं तर परत आत येऊन बसा, कोण विचारतंय? पण उतरायची वेळ आलीच तर गर्दीच्या धक्क्याने उतरावं लागणार नाही.

मग स्वत:ला चार प्रश्न विचारा.

पहिला, वाईट बातमी तुम्हाला कुणाकडून कळते? साहेबांकडून कळत असेल, तर परिस्थिती कठीण असूनही माणसं बरी आहेत. टपरीवर, पेपरात किंवा क्लायंटकडून कळत असेल, तर तुम्हाला अंधारात ठेवलं जातंय.

दुसरा, दिलेली तारीख किती वेळा हलली? नुसतं आठवू नका, लिहून काढा. डाव्या बाजूला वचन, उजव्या बाजूला प्रत्यक्षात काय झालं. एकदा हलणं धंद्यात चालतं. दर वेळी नवं कारण देऊन तिसऱ्यांदा हलली, तर चौथ्या तारखेवर विश्वास ठेवायला तुमच्याकडे काय आधार आहे?

तिसरा, कोण सोडून चाललंय? नुसता आकडा बघू नका. अकाउंट्समधला जुना माणूस, एचआरची मॅडम, वरच्या पातळीवरचे लोक. पैसा आणि कागद ज्यांच्या हातात असतो, त्यांना आपल्या आधी कळतं.

चौथा, चुकीची किंमत कोण मोजतं? टार्गेट चुकलं तर साहेबांचा बोनस कापला जातो की टीमची सुट्टी? चूक कबूल करणारा एक तरी वरिष्ठ शेवटचा कधी पाहिलात?

आणि हो, यात एक फरक करायला विसरू नका. तुमचा टीम लीडर त्रासदायक आहे, पण कंपनी चोख आहे, तर आधी डिपार्टमेंट बदलून मागा. एका माणसासाठी चांगलं घर सोडू नये. वरचा मजलाच डुगडुगत असेल, तर मात्र खुर्ची बदलून काही होत नाही.

काही बाबतीत तर तारीख बघायचीच नसते. खोट्या बिलावर सही मागितली, कुणी अंगचटीला आलं, तर तिथे चार प्रश्न आणि तीन महिने नकोत. सही करू नका, लेखी नोंद ठेवा. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते.

थांबणारे चुकतात?

माझ्या शेजारच्या डेस्कवर एक मैत्रीण होती. मुलुंडला नवा फ्लॅट, त्याचा हप्ता, घरात सासऱ्यांचं डायलिसिस. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये सासरे होते. ती म्हणाली, “तू जा. मी मार्चपर्यंत थांबणार. तोवर काही बदललं नाही तर मीही निघेन.” तिने थांबायचं कारणही ठरवलं होतं आणि मुदतही. जानेवारीत आमचे सर गेले, नवे आले. पगार पुन्हा एक तारखेला व्हायला लागले. आज ती तिथली टीम हेड आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावते. कधीतरी चहा पिताना मला ते ऐकवतेसुद्धा!

तिचं चुकलं नाही. माझंही चुकलं नाही. दोघांनी आपापली तारीख आपण ठरवली, एवढंच आमच्यात सारखं होतं. ‘बघू’ म्हणत थांबणं वेगळं आणि ‘मार्चपर्यंत’ म्हणून थांबणं वेगळं. पहिल्यात साहेब ठरवतात, दुसऱ्यात तुम्ही.

‘सेंड’ दाबण्याआधी

रागाच्या भरात मेल पाठवायला तीन सेकंद लागतात. त्याआधी ही सहा कामं उरकून घ्या.

१. अपॉइंटमेंट लेटर शोधा आणि नोटीस पिरियड वाचा. बॉन्ड आहे का, जॉइनिंग बोनस परत द्यावा लागतो का, तेही बघा.

२. यूएएनने पीएफचं पासबुक उघडा. पगारातून कापलेले पैसे दर महिन्याला जमा होतायत का? होत नसतील तर तो नुसता तांत्रिक घोळ समजू नका, कंपनीच्या तब्येतीचा तो रिपोर्ट आहे. ईपीएफओकडे तक्रार करता येते.

३. ग्रॅच्युइटी मोजा. कायम कर्मचाऱ्याला ती साधारण पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने. चार वर्षं नऊ महिने झाले असतील, तर तीन महिने दात-ओठ खाऊन काढणं फायद्याचं. पण पगारच थकलेला असेल, तर ग्रॅच्युइटीच्या आशेने आणखी थकबाकी वाढवू नका.

४. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं स्वत:च्या मेलवर ठेवा. कंपनीचा डेटा मात्र अजिबात उचलू नका. ऑफिसचा लॅपटॉप बंद झाला की आपले कागद मागायला फेऱ्या माराव्या लागतात.

५. मेडिक्लेम. ऑफिसची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. आईबाबा त्यात असतील तर त्यांची सोय आधी करा.

६. शेवटचा हिशोब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरचा थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. जे मागायचं ते मेलवर मागा, तोंडी नको.

आणि जाता जाता सगळ्यांना ‘रिप्लाय ऑल’ करून साहेबांचे वाभाडे काढू नका. अंधेरी मोठी वाटते, पण कधी ना कधी सगळे एकाच टपरीवर चहाला येतात.

तीस तारीख

मी काय केलं? घरी कालनिर्णयवर, आईने लिहिलेल्या दुधाच्या हिशोबाच्या बाजूला, ३० सप्टेंबरला निळ्या पेनाने गोल केला. आईने विचारलं, “काय आहे तीसला?” म्हटलं, “एक काम आहे.” तिने पुढे विचारलं नाही. मधल्या सात आठवड्यांत तीन इंटरव्ह्यू दिले, एक ऑफर हातात आली. सरांनाही एकदा समोर बसून विचारलं, अप्रेझलचं पत्र तीस तारखेपर्यंत मिळेल का? ते म्हणाले, शंभर टक्के.

तीस तारखेला संध्याकाळी साडेसहापर्यंत वाट बघितली. मग ड्राफ्ट उघडला, एकही शब्द न बदलता पाठवला आणि नेहमीच्या ट्रेनने घरी आलो. नवी नोकरी स्वर्ग निघाली असं समजू नका. तिथेही मीटिंगा आहेत, तिथेही पिझ्झा आहे. पगारवाढ मनासारखी मिळाली नव्हती. पण दात खाणं थांबलं, असं आई सांगते.

बाबा त्या रात्री जेवताना बराच वेळ गप्प होते. शेवटी ताकाचा पेला खाली ठेवून एवढंच विचारलं, “नव्या ठिकाणी पगार किती तारखेला?”

“एक.”

“बघू,” म्हणाले, आणि टीव्ही लावला.